रेस्क्यू केलेला पोपट चावतोय? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

पोपट दत्तक घेतलेल्या लोकांचे मेसेज येतात त्यातले निम्मे तरी याच धाटणीचे असतात, की ताई आम्ही एवढ्या प्रेमाने आणला, खायला सगळं देतो, मोठा पिंजरा घेतला, आणि हा हात आत घातला की रक्त काढतो. मग पुढचं वाक्य ठरलेलं, "आम्हाला रागीट पोपट मिळालाय बहुतेक." रागीट नाहीये तो. घाबरलाय. आमच्या घरात एक आफ्रिकन ग्रे (बंड्या), एक सन कोन्युअर (केशर) आणि एक कॉकटील असे तिघं आहेत, तिघंही दुसऱ्यांच्या घरातून सुटून आलेले, आणि तिघंही सुरुवातीला कडकडून चावायचे. चावायच्या आधी पोपट दोन-चार वेळा "नको" सांगून झालेला असतो, ते आपण ऐकलं नाही की मग चोच चालते. खालचं सगळं त्या "नको"ला मान देण्याबद्दल आहे, आणि मान दिला की चावणं खरंच कमी होतं.

१. आधी बघा पक्षी कुठला आहे

हे कंटाळवाणं वाटेल पण टाळू नका. आपला हिरवा पोपट, ज्याच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते, किंवा खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, किंवा जांभळट डोक्याचा छोटा, हे सगळे भारतातले जंगली पक्षी आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते घरात पाळता येत नाहीत. प्रेमाने पाळला, आजीच्या काळापासून आहे, शेजाऱ्यांनी दिला, यातलं काही चालत नाही. असा पक्षी तुमच्याकडे आला असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आणि हो, "पुण्य मिळेल" म्हणून गच्चीवरून सोडून देऊ नका, पंख कापलेला किंवा पिंजऱ्यातच वाढलेला पक्षी संध्याकाळपर्यंत मांजराच्या नाहीतर कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

आफ्रिकन ग्रे, सन कोन्युअर, मकाव हे परदेशी पक्षी. यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, आणि पक्षी एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला की तेही कळवायचं असतं. कॉकटील आणि बजी (छोटे रंगीत पोपट) नोंदणी करायच्या पक्ष्यांच्या यादीत नाहीत. आधीच्या मालकाकडून कागद घेताना लाजू नका, नंतर ते लोक फोन उचलत नाहीत.

२. काय काय जमवून ठेवायचं

कागद:
- आधीच्या मालकाने सही करून दिलेलं पत्र, की पक्षी स्वेच्छेने देतोय, तारखेसकट
- परिवेशची नोंदणी असेल तर तिची प्रिंट, आणि खरेदीची पावती असली तर ती
- आधी कुठल्या व्हेटला दाखवलं असेल तर त्याचे पेपर
- तुम्ही स्वतः लिहून घेतलेली माहिती: काय खायचा, किती वाजता झोपायचा, घरात कोणाला घाबरायचा, कोणाला चावायचा

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. बंड्या आला तेव्हा आम्हाला कळलं होतं की आधीच्या घरी त्याला नखं कापायला पंच्यात गुंडाळून धरायचे. त्यामुळे चौकड्यांचा पंचा नुसता खांद्यावर दिसला तरी तो का गुरगुरतो हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजलं, नाहीतर आम्ही महिनोन् महिने "हा उगाच चिडतो" म्हणत बसलो असतो.

सामान: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा, पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, दोन जास्तीच्या वाट्या, पिंजऱ्याबाहेर ठेवायला एक स्टँड, हातात धरायला वीतभर लांबीची सुटी दांडी, टार्गेटसाठी (म्हणजे पक्ष्याने चोच लावायला, मुद्दा ७ बघा) एक चॉपस्टिक, कुरतडायला पुठ्ठा आणि साधी लाकडं, समुद्रफेस, आणि एक छोटी वही. जाड चामड्याचे हातमोजे घेऊ नका. हातमोजे घातले की तुमची भीती जाते पण त्याची दुप्पट होते, आणि हात या गोष्टीबद्दल त्याच्या डोक्यात जे काही वाईट बसलंय ते अजून पक्कं होतं.

३. सगळ्यात आधी व्हेट

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही, आधी फोन करून विचारा की पोपट नेहमी बघता का. दुखत असलेला पक्षी चावतोच, त्याला कितीही ट्रेनिंग द्या. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वर्षानुवर्षं काढलेल्या पक्ष्यांमध्ये व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम कमी पडतं, लिव्हरवर चरबी चढते. आफ्रिकन ग्रेमध्ये तर कॅल्शियम कमी झालं की झटके येऊ शकतात. एखादा शांत पक्षी अचानक चावायला लागला तर आधी तब्येत बघा, स्वभाव नंतर.

घरात आधीचे पक्षी असतील तर नवीन पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्या, आणि हात धुऊन मगच दुसऱ्याकडे. सिटॅकोसिस नावाचा आजार पोपटांच्या वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसालाही होतो, न्यूमोनियासारखा, म्हणून पिंजरा कोरडा झाडू नका, कागद ओला करून गुंडाळून टाका.

वजन रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच वेळेला. काट्यावर एक दांडी ठेवली की बरेच पक्षी हळूहळू स्वतःहून चढतात. वजन दहा टक्के घसरलं तर वाट बघू नका, डॉक्टरकडे जा, कारण पोपट आजार शेवटपर्यंत लपवतात.

४. पहिले दिवस त्याला नुसतं राहू द्या

नवीन पक्षी आला की सोसायटीतली पोरं, मावशी, काका सगळे बघायला येतात आणि प्रत्येकाला त्याने मिठू म्हणावं असं वाटतं. हे थांबवा. पिंजरा भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे किमान एका बाजूने कोणी येणार नाही हे त्याला कळतं, आणि उंची अशी की त्याचे डोळे साधारण तुमच्या छातीच्या पातळीवर येतील. एका कोपऱ्यात वरून कापड टाकून लपायला आडोसा करा. खिडकीत एकदम समोर नको, घार दिसली की दिवसभर ताण.

झोप १० ते १२ तास, अंधारात आणि शांततेत. आपल्याकडे हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही चालू आणि सकाळी सहाला कुकरची शिट्टी, आणि मग पक्षी चिडचिडा का म्हणून प्रश्न! जमत असेल तर झोपायचा छोटा पिंजरा आतल्या खोलीत ठेवा. आणि धूर: उदबत्ती, कापूर, मच्छरची कॉइल, रूम फ्रेशनर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नॉनस्टिक तवा. तापलेल्या नॉनस्टिकचा वाफारा आपल्याला कळतसुद्धा नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. डोसे बिडाच्या तव्यावर करा.

या दिवसांत तुमचं काम एवढंच, की पिंजऱ्यापासून लांब खुर्ची टाकून बसायचं, पेपर वाचायचा, हळू आवाजात काहीतरी बोलायचं. टक लावून बघू नका. दोन्ही डोळ्यांनी समोरून रोखून बघणं हे शिकाऱ्याचं लक्षण आहे, त्याच्या हिशोबात. आणि खुर्ची केव्हा जवळ घ्यायची ते कॅलेंडर बघून ठरवू नका, तुम्ही बसलेले असताना तो खायला लागला, पिसं साफ करायला लागला, की मग एक पाऊल पुढे.

५. "नको" कसं दिसतं ते शिका

माझ्या मते सगळी मेहनत इथे आहे, बाकीचं आपोआप होतं. प्रत्येक जातीची पद्धत वेगळी, म्हणून दुसऱ्याच्या पक्ष्याचे व्हिडिओ बघून आपल्यावर लावू नका.

आफ्रिकन ग्रे बरेचदा गोठतो. म्हणजे इकडे तिकडे बघणं थांबतं, अंग घट्ट होतं, मानेमागची पिसं किंचित उभी राहतात, पिवळट डोळ्यातली काळी बाहुली लहान-मोठी व्हायला लागते, आणि त्यावरही तुम्ही पुढे गेलात तर गुरगुरतो. बंड्याचं अजून एक आहे, तो वजन मागच्या पायावर घेतो आणि पुढचा पाय थोडा सैल सोडतो. बघणाऱ्याला वाटतं पाय पुढे करतोय, हातावर यायचंय. मुळीच नाही, तो मागे सरकायच्या तयारीत असतो, आणि नवीन माणूस नेमका तिथेच बोट पुढे करतो.

कोन्युअर उलट, सगळं उघड उघड. अंग खाली वाकवून, चोच उघडी ठेवून, दांडीवरून धावत अंगावर येतात. केशरची पिवळी पिसं मानेभोवती फुलली की समजायचं, बाईसाहेबांना वाटीजवळ हात नकोय. कॉकटीलचा तुरा डोक्याला चपटा चिकटला आणि फुस्स आवाज आला म्हणजे लांब व्हा, तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय. डोळ्यांची खूण कॉकटीलमध्ये शोधू नका, डोळे काळेभोर असतात, दिसत नाही. मोठे मकाव तापले की गालाची उघडी कातडी लालसर होते.

बाहुली लहान-मोठी होणं आनंदातही होतं, एखादा शब्द बोलताना, आवडीचं खाणं दिसल्यावर. म्हणून एकट्या डोळ्यावर जाऊ नका, अंग सैल आहे की घट्ट ते आधी बघा. सैल पिसं, एक पाय वर घेतलेला, चोचीचा करकर आवाज, हा निवांत पक्षी.

"नको" दिसलं की काय करायचं? थांबायचं आणि अर्धं पाऊल मागे. लोक म्हणतात असं मागे हटलं तर तो शेफारेल. उलट होतं हो. मान फुलवली की माणूस थांबतो हे त्याला कळलं की त्याला चावायची गरजच उरत नाही. पण मान फुलवूनही हात येतच राहिला तर तो मान फुलवणं सोडून देतो आणि थेट चावतो, आणि मग आपण म्हणतो "काही कारण नसताना चावला."

६. हात दिसला की चांगलं काहीतरी येतं, हे बसवा

सूर्यफुलाच्या बिया वाटीतून पूर्ण काढा. रोजच्या खाण्यात राळं, मोड आलेले मूग, गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, थोडं फळ असू द्या (हा बदल हळूहळू, वजन बघत, उपाशी ठेवून कधीच नाही). अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट विष आहे. आता सूर्यफुलाची बी, अक्रोडाचा कण किंवा डाळिंबाचा दाणा हे फक्त तुमच्याकडून मिळेल.

दिवसातून जितक्या वेळा पिंजऱ्याजवळून जाल तितक्या वेळा एक बी वाटीत टाका आणि पुढे चालू लागा. थांबू नका, "घे घे" करू नका. काही दिवसांनी तुम्ही येताना दिसलात की तो वाटीकडे सरकायला लागेल. मग जाळीतून बी धरून बघा, बोटांनी जमत नसेल तर लांब दांड्याच्या चमच्यात. चमच्याला चावत असेल तर तुम्ही लवकर पुढे गेलात, परत वाटीवर या. यात लाज नाही.

वाटीवरून भांडणारा पक्षी असेल (केशर!) तर दोन वाट्यांची युक्ती करा. पिंजऱ्याच्या लांबच्या टोकाला एका वाटीत दाणा टाकायचा, तो तिकडे गेला की इकडची वाटी काढायची. साफसफाई तो बाहेर स्टँडवर असतानाच. पिंजरा त्याचं घर आहे, आपल्या घरात कोणी न विचारता हात घातला तर आपल्याला तरी आवडेल का.

७. टार्गेट काठी

चॉपस्टिकचं टोक जाळीबाहेरून दाखवा. पोपट जात चौकस, चोच लावणारच. लावली की त्याच क्षणी "छान" म्हणा आणि बी द्या. बस एवढंच. शब्द कायम एकच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तोच. हळूहळू काठी थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे, मग दुसऱ्या दांडीवर. दोन-तीन मिनिटं पुरे, तो कंटाळायच्या आत थांबा.

याचा फायदा असा की हात न लावता तुम्ही त्याला इकडून तिकडे नेऊ शकता. पिंजऱ्यातून बाहेर, बाहेरून आत, वजनकाट्यावर, खिडकीपासून लांब. पकडापकडी बंद झाली की निम्मं चावणं तिथेच संपतं. काठीला घाबरत असेल, कारण आधीच्या घरी काठीने मारलं असेल, तर काठी नुसती पिंजऱ्यापासून लांब टेबलवर पडू द्या बरेच दिवस, किंवा काठीऐवजी बाटलीचं झाकण वापरा.

८. हातावर येणं

सुटी दांडी आधी, हात नंतर. दांडी पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या जरा वर, न ढकलता धरा आणि काठीने पलीकडे बोलवा. पाय ठेवला, छान, बी. पाय ठेवून लगेच उतरला तरी बी. उतरायची मोकळीक असली की चढायला भीती वाटत नाही. दांडीवर मजेत यायला लागला की दांडी धरलेला तुमचा हात दर वेळी थोडा थोडा पुढे सरकवा, शेवटी तो दांडीऐवजी मनगटावर पाय ठेवतो. बोटापेक्षा मनगट बरं, जाड, स्थिर आणि चोचीत मावत नाही.

चोच लावली की लोक हात झटकतात. चोच हा त्याचा तिसरा हात आहे, चढताना फांदी पक्की आहे ना ते तो चोचीने तपासतो. त्या वेळी हात काढून घेतला तर फांदी हलते हे तो शिकतो आणि पुढच्या वेळी घट्ट धरतो.

बाजारातून आलेल्या बऱ्याच पक्ष्यांचे पंख कापलेले असतात. उडून लांब जाता येत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे चोच सोडून दुसरा उपायच नसतो. पिसं गळून नवीन येतात तेव्हा परत कापू नका. पंखे बंद, खिडक्यांना जाळी, आरशावर कापड, आणि उडू द्या. उडता यायला लागल्यावर चावणं कमी झालेलं मी आमच्याच घरात बघितलंय.

९. चावलाच तर

ओरडू नका, चोचीवर टिचकी नको, पाण्याचा फवारा नको, शिक्षा म्हणून पिंजरा झाकणं नको, हात गदागदा हलवणं तर अजिबात नको. हात शक्य तितका स्थिर ठेवा, त्याला जवळच्या कुठल्याही पृष्ठभागावर उतरवा आणि शांतपणे बाजूला व्हा. "त्याला कळलं पाहिजे मालक कोण" हा सल्ला तुम्हाला किमान तीन नातेवाईक देतील. पोपटाच्या डोक्यात मालक वगैरे काही नसतं, हा माणूस दुखवतो की नाही एवढं असतं.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, पोपटाच्या चाव्याने होत नाही, ती इंजेक्शनं लागत नाहीत. खोल जखम मात्र डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं विचारा. लहान मुलाच्या चेहऱ्याजवळ पक्षी कधीच नको, कितीही शांत असला तरी. खांद्यावरही इतक्यात नको, खांद्यावर त्याचं अंग तुम्हाला दिसत नाही.

मग वही काढा आणि तीन गोष्टी लिहा: चावायच्या अगदी आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. उदाहरणार्थ, संध्याकाळी सातला मिक्सर लागला, मी पिंजऱ्यात टाकायला हात पुढे केला, चावला, मी हात काढला, तो बाहेरच राहिला. असं लिहून काढलं की पॅटर्न आपोआप दिसतो. आत जायचं म्हणजे मजा संपली, हे त्याला कळलंय. उपाय म्हणजे सगळ्यात आवडीचा अक्रोड आत गेल्यावरच, आणि कधी कधी आत घालून पाच मिनिटांत परत बाहेर.

१०. हार्मोनचे दिवस

वर्षातून एखाद-दोनदा शहाणासुरता पक्षीही बिनसतो. कोपरे शोधतो, कपाटाखाली घुसतो, कागद फाडत बसतो, एकाच माणसाला जोडीदार समजतो आणि बाकीच्यांवर धावून जातो. तेव्हा मडकी, खोकी, अंधारे कोपरे, आरसा काढून टाका, गरम मऊ भात-बीत बंद करा, झोप बारा तासांवर न्या. हात फक्त डोक्यावर आणि मानेवर फिरवा. पाठीवर, पंखांखाली कुरवाळणं त्याच्यासाठी जोडीदाराचं वागणं आहे, आपण लाडाने करतो आणि तो तापतो. "माझ्याकडे येतो, बायकोला चावतो" वाल्या घरांमध्ये आठवडाभर सगळ्या आवडीच्या बिया बायकोनेच द्यायच्या, नवऱ्याने फक्त पिंजरा धुवायचा. चालतं हे.

११. किती दिवस लागतील

कॉकटील १५-२० वर्षं जगतो, सन कोन्युअर २०-३०, ग्रे चाळीस-पन्नाससुद्धा. दहा वर्षं छळ सोसलेला पक्षी दोन आठवड्यांत मांडीवर येईल ही अपेक्षा ठेवू नका. काही पक्षी हातावर कधीच येत नाहीत. स्टँडवर बसून तुमच्याशी गप्पा मारतात, काठीमागे फिरतात, बी हळूच घेतात, आणि हात मात्र नको. असा पक्षी आनंदात जगतो, त्याला "सुधारायचं" काही नाही.

दिवाळीच्या फटाक्यांत आणि गणपतीच्या ढोल-ताशांत सगळे पक्षी दोन पावलं मागे जातात. त्या दिवसांत नवीन काही शिकवू नका, आतल्या खोलीत, पडदे ओढून, हलका पंखा नाहीतर रेडिओ लावून ठेवा, आणि रात्री एक मंद दिवा चालू राहू द्या, कारण कॉकटील विशेषतः अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटतात आणि पंख फोडून घेतात. सण संपले की खाऊच्या वाटीपासून परत सुरू करा, या वेळी पहिल्यापेक्षा लवकर जमतं.

आणि घरात खरंच झेपत नसेल, लहान बाळ आलं असेल, कोणाला दमा असेल, तर पक्षी परत ऑनलाइन विकायला टाकू नका. ज्या रेस्क्यूवाल्यांकडून घेतला त्यांनाच आधी कळवा, आणि ती वही, वजनाच्या नोंदींसकट, पुढच्या माणसाला द्या. त्याला पंच्याची भीती आहे, की वाटीजवळ हात नको, हे त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी माहीत असलं पाहिजे.